‘लेटेस्ट’ लिहिलं आणि फसले: लायसन्स-सफाईचे आमचे चार महिने

आधीच सांगते, मी वकील नाही. बडोद्यात अकरा जणांची आमची कंपनी आहे, अलकापुरीत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, औषधांच्या होलसेलवाल्यांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवतो आणि भाड्याच्या सर्व्हरवर चालवतो, ते सर्व्हर सांभाळायचं काम माझं. २०२४ च्या ऑगस्ट ते डिसेंबर मी आमच्या सॉफ्टवेअरमधल्या बाहेरच्या वस्तूंची लायसन्सं तपासली आणि क्लायंटला नको असलेल्या वस्तू बदलल्या, त्याबद्दल मराठीत शोधायला गेले तर काहीच सापडलं नव्हतं, आणि इंग्रजीत जे होतं ते एकतर वकिलांनी वकिलांसाठी लिहिलेलं नाहीतर भांडणं. म्हणून हे.

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार. एका मोठ्या औषध कंपनीकडून मेल आला. त्यांच्या डिस्ट्रिब्युटरांसाठी आमचं सॉफ्टवेअर घ्यायचं जवळपास ठरलं होतं, वर्षाला बावीस लाखांची ऑर्डर, जी आमच्यासाठी खूपच मोठी. मेलला एक एक्सेल जोडलेली. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरचं जे जे काही आहे त्याचं नाव, व्हर्जन, लायसन्स, तुम्ही त्यात बदल केलाय का, ते कुठे चालतं, असे कॉलम. आणि खाली एक डिक्लेरेशन, सही-शिक्क्यासकट: एजीपीएल, एसएसपीएल, बिझनेस सोर्स किंवा ‘सोर्स अव्हेलेबल’ प्रकारचं कुठलंही लायसन्स असलेली वस्तू आमच्या लेखी परवानगीशिवाय वापरलेली नाही. मुदत ३० सप्टेंबर. (हे सगळे वापराच्या अटींचे प्रकार. एजीपीएल म्हणजे त्यात बदल करून किंवा ते आपल्या प्रोग्रॅममध्ये मिसळून नेटवरून सेवा दिली तर आपलाही कोड खुला करायची अट, ‘सोर्स अव्हेलेबल’ म्हणजे कोड बघता येतो पण वापरावर बंधनं, बाकीच्यांचं पुढे येतं.)

मी शेठना म्हटलं, दोन दिवसांचं काम आहे, सगळं ओपन सोर्सच तर आहे आपलं. हे वाक्य नंतर मला चार महिने ऐकून घ्यावं लागलं.

पहिला आठवडा नुसता यादी करण्यात गेला. सिफ्ट नावाचं एक फुकट टूल आहे, ते डॉकरच्या इमेजमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात, काय काय आहे ते शोधून काढतं. आमच्या चौदा इमेजवर चालवलं तर एकोणीसशे ओळी आल्या, त्यातल्या बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिमच्या बारीकसारीक वस्तू आणि जावास्क्रिप्टची पिलावळ. क्लायंटला फोन करून विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की ती मोठी यादी आहे तशी जोडा, एक्सेलमध्ये फक्त मुख्य वस्तू भरा. हे विचारलं नसतं तर मी एकोणीसशे ओळी हाताने भरत बसले असते, तेव्हा आधी फोन करा. आणि नुसत्या टूलच्या भरवशावर राहू नका, लायब्ररींची लायसन्सं ते बरी सांगतं पण डेटाबेस, कॅश, सर्च अशा ज्या स्वतंत्र चालणाऱ्या गोष्टी असतात त्यांची यादी चालू कंटेनर (इमेज चालवली की बनतो तो) समोर ठेवून हातानेच करावी लागली. शेवटी ४९ ओळी झाल्या.

त्यातल्या सहा ओळी लाल. रेडिस (डेटा मेमरीत ठेवून झटपट देणारं), इलास्टिकसर्च (शोधणारं), टेराफॉर्म (सर्व्हर उभे करणारं), आयटेक्स्ट (पीडीएफ बनवणारं), ग्राफाना (आलेख दाखवणारं), मिनआयओ (फायली साठवणारं).

रेडिस बघून तर मला पटेचना. रेडिस म्हणजे बीएसडी लायसन्स, वाट्टेल ते करा, हे मी कॉलेजातून बाहेर पडल्यापासून ऐकत आलेय. मग वाचलं की २० मार्च २०२४ ला रेडिस कंपनीने जाहीर केलं होतं की ७.४ पासून पुढची व्हर्जनं बीएसडीमध्ये मिळणार नाहीत, दोन नवीन लायसन्सं आहेत, रेडिसचं स्वतःचं ‘सोर्स अव्हेलेबल’ आणि दुसरं एसएसपीएल, त्यातलं एक निवडा. ही बातमी मी मार्चमध्ये वाचलेली सुद्धा होती, पण तेव्हा वाटलं आपण तर ७.२ वर आहोत, आपल्याला काय. जुलैच्या शेवटी ७.४ आलं. ५ ऑगस्टला आम्ही सर्व्हर नव्याने उभा केला. आणि कॉन्फिग फाइलमध्ये रेडिसच्या नावापुढे लिहिलं होतं ‘लेटेस्ट’, म्हणजे सगळ्यात नवीन व्हर्जन असेल ते आण. म्हणजे कोणी काही न ठरवता, कोणी काही न वाचता, आमचं लायसन्स एका सोमवारी दुपारी बदललं. ती ओळ कोणी लिहिली म्हणून इतिहास काढला तर ३ नोव्हेंबर २०२१, माझंच नाव. दिवाळीच्या आदल्या दिवशी घाईत केलेलं काम, दुसरं काय.

शेठना सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, ‘पण बेन, आ तो मफत हतुं ने?’ फुकट होतं आणि अजूनही फुकटच आहे, हे समजावताना मला घाम फुटला, कारण पैशांचा प्रश्नच नव्हता, अटींचा होता. संध्याकाळी घरी हेच सासूबाईंना सांगत होते तर त्या म्हणाल्या, म्हणजे भिशीचे नियम मधेच बदलले असं म्हण ना. ज्यांना आधी लागली त्यांच्याकडून परत मागता येत नाही, पण पुढचे हप्ते भरायचे तर नव्या नियमाने. मी पुढच्या मीटिंगमध्ये हेच उदाहरण दिलं आणि अकाउंट्सवाल्या बेनसकट सगळ्यांना एका झटक्यात समजलं. जुनं व्हर्जन ज्या लायसन्सखाली मिळालं त्याच लायसन्सखाली कायम राहतं, ते कोणी काढून घेऊ शकत नाही. फक्त त्यात सापडलेली सुरक्षेची भोकं कंपनीकडून किती दिवस बुजवून मिळतील हा वेगळा प्रश्न.

मग वकील. आमचे सीए म्हणाले हे माझ्या पलीकडचं आहे. रावपुऱ्यातले एक वकील आमचे भाडेकरार करतात, त्यांनी एक्सेल उघडून दोन मिनिटं बघितली आणि प्रामाणिकपणे सांगितलं की ताई, हा माझा विषय नाही, उगाच फी घेणार नाही. अशी माणसं असतात अजून. शेवटी ओळखीतून अहमदाबादच्या एक वकीलबाई मिळाल्या ज्या सॉफ्टवेअरचे करार बघतात. व्हिडिओ कॉलवर दोन बैठकांचे बारा हजार, आणि लेखी मत हवं असेल तर वर सहा. शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला होता पण दिले त्यांनी.

ते पैसे वसूल झाले असं माझं मत आहे. पहिल्याच बैठकीत वकीलबाईंनी सांगितलं की तुमच्याकडे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि तुम्ही त्यांचा काला केलाय. एक, लायसन्स तुम्हाला हे करू देतं का. दोन, तुमचा क्लायंट तुम्हाला हे करू देतो का. रेडिसच्या नव्या लायसन्सचा रोख त्यांच्यावर आहे जे रेडिसच सेवा म्हणून विकतात, तुम्ही औषधांची बिलं करता, तुम्हाला त्याचा त्रास नाही. इलास्टिकचंही साधारण तेच. त्रास आहे तो क्लायंटच्या डिक्लेरेशनचा. त्यांनी हेही बजावलं की एक्सेलमध्ये ‘ओपन सोर्स’ हा शब्द कुठेच लिहू नका, नेमकं व्हर्जन आणि लायसन्सचं प्रमाणित नाव लिहा, आणि त्या व्हर्जनची लायसन्स फाइल उतरवून तारखेसकट आपल्याकडे ठेवा. वेबसाइटवरचं पान उद्या बदलेल, तुमच्याकडची फाइल बदलणार नाही.

मधल्या काळात मी रात्री जागून हे सगळं का होतंय ते वाचत बसायचे. चित्र साधारण असं की कंपनी एखादं सॉफ्टवेअर खुलं ठेवते, जगभर पसरतं, मग मोठ्या क्लाउड कंपन्या तेच आपल्या सर्व्हरवर मांडून सेवा म्हणून विकतात आणि मूळ कंपनीला वाटतं गाय आमची, दूध त्यांचं. मोंगोडीबी या डेटाबेसवाल्या कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये एसएसपीएल आणलं, त्यात अट अशी की आमचं सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकायचं तर तुमचं मॅनेजमेंट, मॉनिटरिंग, बॅकअप, सगळ्याचा कोड खुला करा. ओपन सोर्सची व्याख्या सांभाळणारी जी ओएसआय संस्था आहे तिने याला ओपन सोर्स म्हणायला नकार दिला. मग जानेवारी २०२१ मध्ये इलास्टिकने ७.११ पासून बदल जाहीर केला, ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने टेराफॉर्म वगैरे बिझनेस सोर्स लायसन्सखाली नेलं, आणि २०२४ ला रेडिस. मला या कंपन्या खलनायक वाटत नाहीत, पगार त्यांनाही द्यायचे असतात. पण रेडिसच्या मुख्य टीममध्ये अलिबाबा आणि ॲमेझॉनची माणसंसुद्धा होती, बाहेरच्या कित्येकांनी फुकट कोड दिला होता, त्यांना वाईट वाटणारच. बदल जाहीर झाल्यावर आठवड्याभरात त्यातल्याच लोकांनी ७.२.४ पासून फाटा फोडला, म्हणजे जुना खुला कोड घेऊन वेगळं सॉफ्टवेअर काढलं, लिनक्स फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली, नाव व्हॅल्की. लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, लायसन्स असं कोणी बदलू शकत नाही याचं कारणही मला तेव्हाच कळलं, त्यातल्या कोडचे मालक हजारो आहेत, सगळ्यांची संमती कोण आणि कशी गोळा करणार.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा आमच्याकडे काय झालं ते बडोदेकरांना सांगायला नको. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, ती कधीच ओलांडून पाणी पस्तिशीच्या वर गेलं. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, तर साध्या पावसातही भरतं, तेव्हा ऑफिसचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे कारेलीबागेत पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत आलं, तीन दिवस लाइट नाही, मागच्या सोसायटीत मगर निघाली म्हणून सगळी पोरं गच्चीवर. सर्व्हर मुंबईत होता म्हणून ग्राहकांची बिलं चालू होती, आणि मी मात्र शेजाऱ्यांच्या गाडीच्या चार्जरवर फोन लावून तो जिवंत आहे का तेवढं बघत होते. ३० तारखेला फोन नीट चार्ज झाला आणि पहिली बातमी दिसली की इलास्टिकने आदल्याच दिवशी एजीपीएलचा पर्याय परत आणलाय, म्हणजे ते पुन्हा ओपन सोर्स झाले. मी चिखल काढता काढता दोन मिनिटं खूश. मग आठवलं की क्लायंटच्या यादीत एजीपीएलवरही फुली आहे.

क्लायंटला पुराचं कळवलं तर त्यांनी न मागता ३१ डिसेंबरपर्यंत मुदत वाढवून दिली. हे त्यांचं चांगलं.

सप्टेंबरमध्ये गणपती बसायच्या आठवड्यात सोपी कामं उरकली. टेराफॉर्म आमच्या एका लॅपटॉपवरच होतं, त्याच्या जागी ओपनटोफू घातलं, तोही असाच फाटा, टेराफॉर्मच्या जुन्या खुल्या कोडमधून निघालेला. स्टेट फाइलची (काय काय उभं केलंय त्याची नोंद) कॉपी काढून ठेवली, नवीन कमांड चालवली, ‘काही बदल नाहीत’ असं उत्तर आलं, चाळीस मिनिटांत संपलं. बिझनेस सोर्सची गंमत म्हणजे हॅशिकॉर्पचं प्रत्येक व्हर्जन चार वर्षांनी आपोआप जुन्या खुल्या लायसन्सखाली येतं. एक्सेलमध्ये ‘२०२८ ला चालेल’ असा कॉलम नव्हता.

इलास्टिकसर्चसाठी सगळे म्हणाले ओपनसर्चला जा, तो इलास्टिकसर्चचा खुला फाटा. मीही तेच ठरवलं होतं. पण आमचा ज्युनिअर पोरगा, दोन वर्षांचा अनुभव, त्याने विचारलं की ताई, आपण त्यात शोधतो तरी काय? दोन लाख दहा हजार औषधांची नावं, आणि स्पेलिंग चुकलं तरी सापडावं एवढंच. ते पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ट्रायग्रॅमच्या, म्हणजे शब्दांचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे जुळवणाऱ्या, एक्स्टेंशनने होतं. त्याने चार दिवसांत करून दाखवलं, ‘पॅरासिटामॉल’ कसंही लिहा, सापडतं. त्यासाठी आम्ही आठ जीबीचा एक आख्खा सर्व्हर तीन वर्षं पोसत होतो, महिन्याला ४,३०० रुपये. बदली शोधायच्या आधी ती वस्तू लागते का हे बघायचं मला सुचलं नव्हतं, त्या पोराला सुचलं.

खरा गुन्हा निघाला आयटेक्स्टचा. आमची बिलाची पीडीएफ बनवणारी जुनी जावा सर्व्हिस आहे, तिच्या आत आयटेक्स्ट ५. हे काही आत्ता बदललेलं नाही, आयटेक्स्ट २००९ मध्येच ५ व्या व्हर्जनपासून एजीपीएल झालं, विकत लायसन्स घ्या नाहीतर एजीपीएल पाळा. आम्ही कोणी कधी बघितलंच नाही. वकीलबाईंनी याच एका ओळीवर बोट ठेवलं की इथे क्लायंट राहू द्या, लायसन्सचाच प्रश्न आहे, हे आधी काढा. ओपनपीडीएफ नावाची लायब्ररी आहे, जुन्या आयटेक्स्ट ४ मधून निघालेली, लायसन्सं एलजीपीएल आणि एमपीएल, दोन्ही क्लायंटच्या फुलीत नाहीत. कोड बराचसा तसाच चालला, पॅकेजची नावं बदलली, दोन दिवसांत बिलं निघायला लागली.

आणि तिसऱ्या दिवशी एका होलसेलवाल्याचा फोन. ‘बेन, मारी दुकाननुं नाम तूटी गयुं छे.’ त्यांचं नाव गुजरातीत छापलं जातं आणि त्यात ‘लक्ष्मी’ आहे. नव्या बिलावर ते ‘लक्‌ष्‌मी’ झालं होतं, जोडाक्षर सुटं सुटं, आणि वर ‘हरि’ मधली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसली होती. श्रावण-भाद्रपदात दुकानाच्या नावातली लक्ष्मी तुटली म्हणजे माणसाला कसं वाटेल. आम्ही चाचणी इंग्रजी नावांवरच केली होती, मूर्खपणा. ओपनपीडीएफमध्ये अक्षरांची मांडणी जावाकडून करून घेणारा एक लेआउट प्रोसेसर आहे, तो आधी चालू करावा लागतो, तो केला, फॉन्ट बदलला, जमलं. त्यांना नवीन बिलं छापून मी स्वतः मंगळबाजारात देऊन आले. देशी लिपीत छापत असाल तर जोडाक्षरांचं एक पान आधीच तयार ठेवा: लक्ष्मी, ज्ञानेश्वर, श्रीकृष्ण, पद्मा, एवढी चार नावं नीट आली की बाकीची येतात.

ग्राफाना आणि मिनआयओ दोन्ही २०२१ पासून एजीपीएल. दोन्ही आम्ही जसेच्या तसे वापरतो, कोडला हात लावलेला नाही. त्यांच्यासाठी बदल न करता लेखी परवानगी मागितली, एक पानाचं पत्र, वस्तू काय, कुठे चालते, ग्राहक तिला थेट पोचतो का. उत्तर यायला तेवीस दिवस लागले, पण आलं, हो म्हणून. परवानगीची पत्रं पहिल्या आठवड्यातच पाठवायला हवी होती, ती त्यांच्या टेबलावर पडून असताना आपली बाकीची कामं होतात. मी शेवटी पाठवली.

आता रेडिस. मला वाटलं हे सगळ्यात सोपं असणार. व्हॅल्की रेडिसमधूनच निघालंय, तोच पोर्ट, त्याच कमांड, आमच्या प्रोग्रॅममधली एक ओळही बदलायची नव्हती. ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी चाचणीच्या सर्व्हरवर रेडिस बंद केलं, त्याची डेटा फाइल व्हॅल्कीला दिली आणि चालू केलं. उठेचना. लॉगमध्ये एकच ओळ: ‘कान्ट हँडल आरडीबी फॉरमॅट व्हर्जन १२’. आरडीबी म्हणजे ती डेटा फाइल, ७.४ ने तिचा फॉरमॅट अकरावरून बारावर नेला होता आणि व्हॅल्कीला तेव्हा अकरापर्यंतच वाचता यायचा. म्हणजे आम्ही ७.२ वर असतो तर फाइल उचलून ठेवली आणि झालं. त्या ‘लेटेस्ट’ने इथेही गाठलं.

मग म्हटलं व्हॅल्कीला रेडिसची रेप्लिका (आपोआप ताजी राहणारी नक्कल) बनवू, पण रेप्लिकाही सुरुवातीला तीच फाइल मागवते, तीच ओळ. एकेक की, म्हणजे नाव देऊन ठेवलेली नोंद, डंप करून (बांधून बाहेर काढून) तिकडे रिस्टोअर करू, तर ‘डंप पेलोड व्हर्जन ऑर चेकसम आर राँग’, कारण त्या डंपच्या शेपटालाही तोच आकडा चिकटलेला असतो. दोन दिवस यातच गेले. शेवटी ज्युनिअरने आणि मी बसून साधी पायथनची स्क्रिप्ट लिहिली: रेडिसमधल्या सगळ्या की एकेक करून वाचायच्या, ती स्ट्रिंग आहे, हॅश आहे, लिस्ट आहे का सेट ते विचारायचं, प्रकाराप्रमाणे साध्या कमांडने मजकूर काढायचा आणि तसाच व्हॅल्कीत लिहायचा. तीन लाख चाळीस हजार की, अकरा मिनिटं. फार खूश झालो. दुसऱ्या दिवशी बघतो तर चाचणीच्या सर्व्हरवर कालचे ओटीपी अजून चालताहेत! प्रत्येक कीचं जे आयुष्य असतं, की इतक्या सेकंदांनी मर, ते आम्ही कॉपीच केलं नव्हतं, सगळ्या की अमर झाल्या. ते मिलिसेकंदात विचारून नव्या ठिकाणी लावायचं असतं. हा बग खऱ्या सर्व्हरवर गेला असता तर, नको तो विचार.

तारीख ठरवताना नवरात्र आलं मधे. ३ ऑक्टोबरपासून नऊ रात्री बडोद्यात कोणाला रात्रीच्या कामाला बोलवायचं म्हणजे पापच, शेठ स्वतः पास काढून गरब्याला जातात. शेवटी २० ऑक्टोबर, रविवारची रात्र. एक वाजता ग्राहकांना ‘देखभाल चालू आहे’ची पाटी लावली, रांगेतली उरलेली कामं संपू दिली, म्हणजे नवीन घ्यायचं बंद आणि जुनं निपटू द्यायचं, स्क्रिप्ट चालवली, कींचा आकडा दोन्हीकडे जुळवला, पत्ता बदलला. दोन वाजून दहा मिनिटांनी पाटी काढली. ज्युनिअर आणि मी लीलो चेवडा खात चार वाजेपर्यंत नुसते आलेख बघत बसलो, काहीच झालं नाही, आणि ते काहीच न होणं फार छान वाटलं.

नोव्हेंबरमध्ये दिवाळीनंतर सगळं भरून पाठवलं, पुराव्याच्या स्क्रीनशॉटसकट. आठ दिवसांनी दोन हरकती आल्या. पहिली: तुम्ही व्हॅल्की ८.० लिहिलंय पण स्क्रीनशॉटमध्ये तर ‘रेडिस व्हर्जन ७.२.४’ दिसतंय. आणि खरंच दिसत होतं! जुने प्रोग्रॅम बिचकू नयेत म्हणून व्हॅल्की माहिती विचारल्यावर रेडिस व्हर्जनच्या जागी ७.२.४ सांगतं, स्वतःचं व्हर्जन त्याखाली वेगळ्या ओळीत देतं. मी स्क्रीनशॉट वरच्या ओळीपाशीच कापला होता. पूर्ण पाठवला, मिटलं.

दुसऱ्या हरकतीने मात्र सोळा दिवस खाल्ले. ओळ ३१, बारकोड वाचणाऱ्या लायब्ररीतलं बूस्ट, लायसन्स ‘बीएसएल १.०’. त्यांच्या लीगलने लिहिलं की बिझनेस सोर्स लायसन्स मान्य नाही. अहो पण हे बूस्ट सॉफ्टवेअर लायसन्स, अत्यंत सोज्वळ, जुनं, कोणालाही काही न विचारणारं. प्रमाणित यादीत बूस्टचं ‘बीएसएल’ आहे आणि बिझनेस सोर्सचं ‘बीयूएसएल’, पण बोलताना सगळे दोघांनाही बीएसएलच म्हणतात. मी तीन मेल लिहिले, प्रत्येक वेळी उत्तर नवीन माणसाचं, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगा. शेवटी बूस्टची लायसन्स फाइल, आख्खी तेवीस ओळींची, मेलमध्येच चिकटवली आणि लिहिलं की कृपया ही वाचून सांगा यातली कुठली ओळ अडते. दुसऱ्या दिवशी मान्य.

२० डिसेंबर, शुक्रवार, सही झालेलं डिक्लेरेशन कुरिअर केलं. हिशेब सांगायचा तर वकीलबाईंचे अठरा हजार, दोन महिने जुने-नवे सर्व्हर शेजारी शेजारी चालवल्याचे ९,४००, आणि ज्युनिअर आणि माझे मिळून दोनशेच्या वर तास, जे शेठ खर्चात धरत नाहीत. सर्चचा सर्व्हर गेला त्याचे महिन्याला ४,३०० वाचतात हे ते बरोबर धरतात. कॉन्फिग फाइलमध्ये आता कुठेही ‘लेटेस्ट’ नाही, आकडा लिहिल्याशिवाय कोड पुढेच जात नाही, अशी तपासणी लावलीय, आणि तिने पहिल्यांदा मलाच अडवलं.

२०२५ च्या १ मे ला रेडिस ८ आलं आणि त्यात एजीपीएलचा पर्याय परत दिला. रेडिसचे मूळ लेखक साल्वातोरे सॅनफिलिप्पोही कंपनीत परतलेत. शेठनी बातमी मला फॉरवर्ड केली, खाली एकच ओळ: ‘तो हवे पाछा जवानुं?’ (तर आता परत जायचं?) मी म्हटलं शेठ, आरडीबीची फाइल परत फिरवायची असेल तर मला आधी महिन्याची रजा द्या. ते म्हणाले, ‘रेवा दो.’

२०२५ चा फॉर्म ९ जूनला आलाय. एक कॉलम वाढलाय, ‘मागच्या वेळेनंतर लायसन्स बदललं का, हो/नाही’. मिनआयओच्या ओळीवर मी अडकलेय. लायसन्स तेच, एजीपीएल, म्हणजे उत्तर ‘नाही’. पण मे महिन्यात त्यांनी फुकटच्या आवृत्तीतल्या कन्सोलमधून युजर बनवणं, परवानग्या देणं, असे सगळे पडदे काढून टाकले, फायली बघण्यापुरतं ठेवलंय. चाचणीच्या सर्व्हरवर नवीन व्हर्जन टाकल्यावर ज्युनिअर अर्धा तास मेनू शोधत होता. आता आम्ही आधीच्याच व्हर्जनवर थांबलोय आणि तो कमांड लाइनवरून युजर बनवायला शिकतोय. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलंय, ‘लायसन्स तेच, मेनू गायब’. बघू काय विचारतात.